पेन्सिलीचं चित्र

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ऑफिस.
पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग, आणि त्या सगळ्यांची एकच फाइल,
सामाईक.
कागदोपत्री मी अकाउंटंट. पण प्रिंटरने कागद गिळला
की हाक मलाच येते.

रविवारी सकाळी बिन्सी काउंटरवरून ओरडली,
"दीदी, उघडतं, पण लिहू देत नाही!
दुसरं कुणीतरी लिहितंय म्हणतंय."
बिन्सी, रोवेना, हारिस, बंदरावरचा तो नवा मुलगा,
सगळ्यांना म्हटलं, बाहेर पडा.
हारिस तर खुर्चीतूनही उठला.
दारापाशी जाऊन म्हणाला, एवढं बाहेर पुरे ना?

तरी आत कुणीतरी होतं.

मोठ्या फाइलीशेजारी तिच्याच नावाची एक चिमुकली फाइल असते.
पहिला माणूस आत शिरला की उगवते,
शेवटचा निघाला की आपोआप पुसली जाते,
निघणाऱ्याला पुसायचा हक्क असेल तर.
हक्कांची यादी उघडली.
आमच्या सातबाऱ्यावर सामाईक विहिरीला नऊ नावं आहेत
आणि पंपाची चावी एका चुलत्याकडे.
इथेही तेच. वाचायचं सगळ्यांनी, लिहायचं सगळ्यांनी,
पुसायचं फक्त साहेबांनी.
आणि साहेब सलालाला, धुकं बघायला.
त्यांचा पासवर्ड त्यांच्याच कीबोर्डखाली चिकटवलेला आहे.
यादीत सात नावं होती, सातांपुढेही खूण केली.
चहा घेतला.
चिमुकली जागची हलली नाही.

मग तिलाच नोटपॅडमध्ये उघडलं.
पोकळ चौकोन, तुटकी अक्षरं,
मध्येच वाचता येईल असं एक नाव: स्टोअर-दोन.
पुढे अ‍ॅडमिन. इथे सगळेच अ‍ॅडमिन.

स्टोअर-दोन म्हणजे मागचा कंटेनर.
मजीदभाई सारंग, हर्णैचे, अठरा वर्षं.
गुरुवारी तीन वाजता त्यांना वर बोलावलं.
कार्ड घेतलं, चाव्या घेतल्या, कंपनीचं सिम घेतलं,
व्हिसा रद्द झाल्याचा कागद दिला
आणि शुक्रवारचं तिकीट.
त्यांचा ईमेल मीच बंद केला. दोन मिनिटं लागली.

मागे जाऊन कुणी बघितलं नव्हतं.

दार उघडलं तर आत माघ महिना.
एसी तीन दिवस चालू, खालची बादली भरून वाहिलेली.
काळा पडदा माऊस हलवल्यावर उजळला.
मोजदाद करताना ते अख्खा तक्ता स्वतःकडे धरून ठेवत,
मध्ये कुणी लुडबुडू नये म्हणून.
एक ओळ अर्धी होती. तिच्या डाव्या टोकाला
पेन्सिलीचं बारीकसं चित्र,
म्हणजे लिहिणं चालू आहे, अजून ठेवलेलं नाही.
ओ-रिंग, जाड, रॅक चार, शिल्लक ३
आणि तिनाच्या पुढे लुकलुकणारी उभी रेघ.

तीनच? की तीस आणि काही?
एस्केप दाबलं असतं तर ओळ गेली असती,
ऑफिस सुरू झालं असतं.
डबा हातभर अंतरावर होता, मोजताही आल्या असत्या.
मी मोजल्या नाहीत.
त्यांच्या गावच्या नंबरावर मेसेज टाकला.
आधी "कसे आहात" लिहिलं, ते खोडलं.
"रॅक चार, ओ-रिंग किती?"

टाइप करतायत. थांबले.
टाइप करतायत.
"सदतीस. त्यातल्या दोन चिरल्यात, त्या धरू नको, बाय."

तिनापुढे पाच लिहिलं, खालच्या ओळीवर गेले.
पेन्सिल गेली. फाइल मिटली.
पत्र्याच्या भिंतीतून बिन्सीचा आवाज आला,
"देतंय! लिहू देतंय!"

फोन पुन्हा थरथरला.
"कंटेनरातला एसी बंद केलास ना?"
हो, लिहिलं.
मग उठले.